पोर्ट्रेटमधे माणूस 'येतो' म्हणजे नक्की काय येतं? (मामा, दोन प्लाय आणि अर्विंग पेन)

उत्तरेची_खिडकी:
मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा चालला होता, आज रविवार आहे तर काढतोच. विषय ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट. म्हणजे प्री-वेडिंगमधे शेवटी एक काळापांढरा करून देतात तो प्रकार नव्हे.

झालं असं की गेल्या महिन्यात घरी सुताराचं काम काढलं होतं, तो आठ बाय चारच्या दोन प्लाय हॉलमधे उभ्या करून जो गावाला गेला तो पंधरा दिवस फोनच उचलेना. त्या प्लाय अशा टेकवलेल्या की दोघींच्या मधे एक चिंचोळा कोपरा तयार झालेला, आणि उजेड उत्तरेच्या खिडकीतनं, मऊ, दिवसभर जवळपास एकसारखा. रोज चहा पिताना मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि एक दिवस ट्यूब पेटली, अरे हा तर पेनचा कोपरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अर्विंग पेन हा 'व्होग' मासिकाचा फोटोग्राफर. १९४८ च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन पार्टिशनं निमुळत्या कोनात जोडली आणि मोठमोठ्या लोकांना त्या फटीत उभं केलं. मागे पुस्तकांचं कपाट नाही, पडदा नाही, फुलदाणी नाही, जमिनीवर कचरा तसाच. आता काय करायचं ते कर. लेखक ट्रुमन कपोटी अंगापेक्षा मोठ्या कोटात खुर्चीवर गुडघे टेकून उभा. जो लुई, तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता, कोपऱ्यात असा बसलाय की वर्गाबाहेर काढलेलं पोरगं वाटावं. संगीतकार स्ट्राविन्स्कीने कानामागे हात धरलाय. कुणी भिंतीला रेलतं, कुणी दोन्ही भिंती ढकलल्यासारखं करतं, कुणी आक्रसून जातं.

तर मी माझ्या मामाला बोलावलं. मामा एसटीत तीस वर्षं कंडक्टर होता, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसाला तेल, खिशाला पेन. आणि उभा राहिला झेंडावंदनाला राहतात तसा. वीसेक फोटो काढले, सगळे मेलेले. पासपोर्टचा चेहरा. बोल म्हटलं तर 'काय बोलू' म्हणे. मग मी लेन्स पुसायच्या निमित्ताने उगाच वेळ काढला. दहा मिनिटं उभं राहून त्याचे पाय दुखले असणार, कारण मान वर करून बघतो तर मामाने उजवी कंबर प्लायला लावलीय, पाय फाकवलेत, गुडघे किंचित सैल, आणि उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर आपटतोय, आपटतोय. खंबाटकीत गाडी वळताना कंडक्टर सीटच्या दांड्याला कंबर लावून कसा उभा असतो, आणि हातातला चिमटा टकटक करत 'बोला पुढं' करतो, अगदी ते! गाडी नाही, तिकिटाची पेटी नाही, बॅग नाही, पण शरीराला अजून वळण कळतंय. तो तेविसावा फोटो.

आता प्रश्न. हा जो मामा आला फोटोत, तो मी पकडला, का कोपऱ्याने पकडला, का त्याच्या दुखऱ्या पायांनी? आणि जे आलं तो त्याचा स्वभाव आहे की नुसती नोकरीची सवय? तुमची मतं लिहा. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हे कृपया विचारू नका, त्यावर दहा धागे आहेत.

टवाळ_बोका:
मस्त. पण सुतार आला का ते आधी सांगा.

मिरजेचा_फोटोवाला:
धागा आवडला. आमच्या वडिलांचा मिरजेत स्टुडिओ होता, मी तिथेच मोठा झालो, हायपोचा (फोटो धुवायच्या औषधाचा) वास आला की मला अजून घरी आल्यासारखं वाटतं, त्यामुळे राहवत नाहीये.

तुम्ही म्हणताय तो 'स्वभाव' आमच्या गिऱ्हाइकाला नको असायचा हो. त्याला गोरेपणा हवा असायचा. आणि तो आम्ही द्यायचो, पेन्सिलीने. निगेटिव्हवर आधी एक औषध चोळायचं म्हणजे पेन्सिल धरते, मग काचेच्या उतरत्या डेस्कवर खालून उजेड घेऊन, टाचणीसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्याखालचे खड्डे, सुरकुत्या बारीक बारीक स्वल्पविराम काढत भरायच्या. निगेटिव्हमधे जिथे पेन्सिल लागली तिथे प्रिंटमधे उजळ येतं. वडील एका चेहऱ्यावर तास तास बसायचे. एकदा एका म्हाताऱ्या पैलवानाच्या कपाळावरची खोक त्यांनी मुद्दाम ठेवली, त्यांना ती आवडली होती, तर त्याने फोटो परत केला. म्हणाला खोक मला रोज आरशात दिसते, त्याचे पैसे कशाला देऊ.

तर सांगायचं काय, की बसणाऱ्याला काय दिसायला हवं असतं हे पण त्याच्या स्वभावातच येतं की. तुम्ही ते पहिले वीस फोटो उडवले असतील तर चूक केलीत असं मला वाटतं.

उत्तरेची_खिडकी:
@मिरजेचा_फोटोवाला, पैलवान भारी! उडवले नाहीत अजून. पण खरंच त्यात काही नाहीये हो. खांब उभा आहे नुसता.

शेवंती_७१:
मला फोटोग्राफीतलं फार कळत नाही पण चर्चिलचा तो प्रसिद्ध फोटो आठवला. यूसुफ कार्शचा, ३० डिसेंबर १९४१, ओटावाच्या संसदेत. चर्चिल भाषण करून आले, फोटो आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे आधीच वैतागलेले, एक फोटो घे म्हणाले. कार्शने ॲशट्रे पुढे केला तरी सिगार सोडेनात. शेवटी हा जवळ गेला, माफ करा म्हणाला आणि सरळ तोंडातला सिगार काढून घेतला! परत कॅमेऱ्यापाशी येईपर्यंत जो चेहरा झाला तो आलाय फोटोत. आणि साऱ्या जगाने तो हिटलरपुढे न झुकणारा ब्रिटन म्हणून बघितला, पुढे २०१६ मधे पाच पौंडाच्या नोटेवर पण आला.

म्हणजे बघा ना, प्रत्यक्षात तो 'माझा सिगार दे' असा चेहरा आहे. आमच्याकडे नातवाच्या हातातला मोबाइल काढून घेतला की सेम असाच दिसतो तो. मग यात चर्चिलचा स्वभाव आला कुठून? आपण घातला ना तो मागाहून?

जाताजाता, लगेच पुढच्या फोटोत चर्चिल छान हसतायत. तो कुणाला आठवत नाही.

खुसपटराव:
शेवंतीताई, अगदी हेच. सगळं काँटेक्स्टवर चालतं. 'आत्मा पकडला' वगैरे फोटोग्राफर लोकांच्या थापा आहेत. १९५७ मधे ॲव्हेडॉन या अमेरिकन फोटोग्राफरने ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसरचा फोटो काढला तेव्हा ते दोघं नेहमीचा ठेवणीतला चेहरा सोडेनात. त्यांचा कुत्र्यांवर फार जीव आहे हे याला माहीत. हा बोलताबोलता म्हणाला, मी जरा अस्वस्थ आहे, येताना माझ्या टॅक्सीखाली एक कुत्रा आला. झालं, दोघांचे चेहरे पडले आणि याने खटका दाबला. कुत्राबित्रा काही नव्हता. आता तो फोटो बघून लोक म्हणतात, काय ते राज्य सोडलेल्या राजाचं दुःख! दुःख न मेलेल्या कुत्र्याचं आहे.

आणि ज्यांना हे नुसतं चेहऱ्याचंच वाटतं त्यांनी अर्नॉल्ड न्यूमनचा आल्फ्रीड क्रुप बघावा, १९६३ चा. हा क्रुप जर्मन कारखानदार, युद्धात गुलाम मजूर वापरल्याबद्दल शिक्षा झालेला. न्यूमन ज्यू. त्याने क्रुपला कारखान्यातच उंचावर बसवला, दोन्ही बाजूंनी खालून दिवे मारले आणि जरा पुढे झुका म्हणाला. क्रुपने हाताची बोटं गुंफून हनुवटीखाली घेतली आणि साक्षात सैतान तयार. स्वभाव नाही, निकालपत्र आहे ते. ब्लॅक अँड व्हाइटची ताकद.

कोलोनचा_पाहुणा:
क्रुपचा तो फोटो रंगीत आहे राव. चेहऱ्यावर जी हिरवट छटा आलीय तिच्यावरच अर्धा परिणाम आहे. न्यूमनचा काळापांढरा हवा असेल तर १९४६ चा स्ट्राविन्स्की घ्या, पियानोचं झाकण भलंमोठं काळं, आणि माणूस खाली डाव्या कोपऱ्यात एवढासा. ज्या मासिकाने काढून घेतला त्यांनी तो छापलाच नाही, आणि आता न्यूमन म्हटलं की तोच.

खुसपटराव:
रंगीत आहे, मान्य. माझंच खुसपट निघालं. मुद्दा तोच राहतो.

कोलोनचा_पाहुणा:
मुद्द्यावर येतो, जरा मोठं होईल, कंटाळू नका.

मी कोलोनमधे नोकरीसाठी आहे, इथे ऑगस्ट झांडर या जर्मन फोटोग्राफरचा मोठा संग्रह आहे, दोनदा जाऊन मूळ प्रिंट्स बघितल्यात. झांडरचा बेत असा की विसाव्या शतकातल्या जर्मन समाजाचे थरच्या थर फोटोत मांडायचे, शेतकरी, कारागीर, बायका, कलावंत, शेवटी वेडे, आजारी, मरणारे. १९२९ मधे त्यातले ६० फोटो पुस्तक म्हणून आले. फोटोखाली नाव नाही, धंदा. पेस्ट्रीवाला. हमाल. तो पेस्ट्रीवाला बघा एकदा, १९२८ चा, पांढरा डगला, टक्कल, हातात मोठं पातेलं आणि त्यात ढवळणी, असा रोखून बघतोय की तुम्हीच त्याच्या भटारखान्यात न विचारता शिरलाय. विटा वाहणारा तर पाठीवर अख्खा विटांचा ढीग घेऊन कॅमेऱ्यात बघतोय, आणि बघण्यात कीव मागणं अजिबात नाही. झांडरने ना सिगार काढला ना कुत्रा मारला. मोठा प्लेट कॅमेरा, त्यामुळे हलायचं नाही, आणि माणसाला स्वतःला जसं उभं राहायचंय तसं उभं राहू दिलं.

उत्तरेची_खिडकी, तुम्ही 'पासपोर्टचा चेहरा, मेलेला' लिहिलंत ना, त्यावर मला हे सांगायचंय. १९३८ च्या आसपास कोलोनच्या ज्यू लोकांना ओळखपत्रांसाठी फोटो लागायला लागले. त्यातले काही झांडरकडे आले. साधे, स्टुडिओतले, खुर्चीवर बसलेले, जरा तिरपे. पासपोर्टचे म्हणा ना. युद्धानंतर त्याने ते आपल्या त्या मोठ्या कामात घातले, 'छळ झालेले' म्हणून वेगळा गठ्ठा करून. आणि त्याच कामात नाझी अधिकाऱ्यांचा पण गठ्ठा आहे, तसेच शांतपणे काढलेले. भिंतीवर दोन्ही बघितले की घशाशी येतं. कुणालाही त्याने सैतान केलेलं नाही. एक बाई आहेत वयस्कर, गळ्याशी ब्रूच नीट लावलेला, केस नीट. फोटोला जायचं म्हणून नीटनेटकं होऊन आल्यात, आणि हे कागद कशासाठी मागतायत ते आपल्याला माहितेय. त्या चेहऱ्यात काहीही 'घडत' नाहीये हो. आणि मी तिथून हलू शकलो नाही.

त्याचा स्वतःचा मुलगा एरिक डावा होता, १९३४ मधे पकडला, दहा वर्षांची शिक्षा, ती संपायच्या आत १९४४ मधे तुरुंगातच गेला. पुस्तकाचे छपाईचे ठसे १९३६ मधे नाझींनी नष्ट केले. एरिकने तुरुंगात काढलेले राजकीय कैद्यांचे फोटोसुद्धा बापाने त्या कामात घेतलेत.

वांगीभात:
निःशब्द. _/\_

उत्तरेची_खिडकी:
@कोलोनचा_पाहुणा, झांडर मला 'टाइप' काढणारा म्हणूनच माहीत होता, माणूस बाजूला आणि धंदा पुढे, म्हणून मी त्याला जरा कोरडा समजायचो. हे गठ्ठ्यांचं माहीत नव्हतं. पासपोर्टवालं वाक्य मागे घेतो. रात्री ते वीस फोटो परत उघडून बसतो.

सोनचाफा:
एवढ्या गंभीर चर्चेत माझा किस्सा टाकू का? टाकतेच.

मी लॉकडाऊनमधे फोटोग्राफी शिकले, तेव्हा आईचा पोर्ट्रेट काढला खिडकीत बसवून. फार सुंदर आला होता, निवडत होती मेथी, आणि माझ्याकडे लक्षच नाही. मग काळापांढरा करताना मी ॲपमधे रेड फिल्टर लावला कारण त्याने त्वचा नितळ येते, डाग सुरकुत्या जातात, आई दहा वर्षं तरुण! मोठा प्रिंट करून वाढदिवसाला दिला. आईने बघितला, उलटा करून ठेवला, आणि आत जाऊन बसली. कुणाला काही कळेना. मग बाबा म्हणाले, अगं, कपाळ बघ.

कुंकू गायब!! लाल ठसठशीत टिकली, आणि प्रिंटमधे कपाळ कोरं. बाबा शेजारी जिवंत, चष्मा शोधत बसलेले. पुढचे चार दिवस आईने बाबांना एकटं खाली दूध आणायला पण पाठवलं नाही.

टवाळ_बोका:
मेलो =)) म्हणजे मेलो नाही, माफ करा काका.

मिरजेचा_फोटोवाला:
@सोनचाफा, हसलो खूप, पण यामागचं कारण सांगतो, या धाग्याशी संबंध आहे त्याचा. रेड फिल्टर लाल गोष्ट उजळ करतो, म्हणून त्वचेच्या लालसर डागांबरोबर कुंकू पण पुसलं गेलं. जुन्या ऑर्थो प्लेटांना (काचेच्या निगेटिव्हना) उलट लाल दिसायचंच नाही, म्हणूनच डार्करूममधे लाल दिव्याखाली प्लेट बघत बघत धुता यायची. लाल दिसत नाही म्हणजे प्रिंटमधे लाल काळं. आजीपणजीच्या फोटोत कुंकू शाईसारखं काळंकुट्ट दिसतं ना, ते त्यामुळे. आणि त्याच कारणाने चेहरे पण रापलेले, ओठ गडद, प्रत्येक सुरकुती खोदल्यासारखी. झांडरच्या शेतकऱ्यांचे चेहरे कोरीव वाटतात त्यात त्या प्लेटांचा पण हात आहे.

आता डिजिटलमधे हे सोपंय. चॅनल मिक्सरमधे, म्हणजे काळापांढरा करताना कुठला रंग किती उजळ येईल ते ठरवतात तिथे, निळा वाढवा, लाल कमी करा, ऑर्थोच्या जवळ जाल. लाल वाढवा, सगळे सिनेमातले हिरो. म्हणजे तुम्ही खटका दाबून झाल्यावर, घरी बसून, एका स्लायडरने ठरवताय की या माणसाने उन्हात किती वर्षं काढली. मामांचा फोटो कसा केलात?

उत्तरेची_खिडकी:
निळा पुष्कळ वाढवून केला होता... हाताच्या शिरा छान आल्या म्हणून खूश होतो. आता विचारात पडलोय.

वाचनमात्र_होतो:
पहिलाच प्रतिसाद देतोय. पुण्याचा विषय निघाला नाही म्हणून. मार्गारेट बर्क-व्हाइटचा गांधीजी आणि चरख्याचा फोटो १९४६ मधला, पुण्यातला आहे. आधी सूत कातायला शिका मग फोटो, असं तिला सांगितलं गेलं, आणि तिने खरंच बसून प्रयत्न केला. तो मौनाचा दिवस होता, बोलायचं नाही, आणि फ्लॅशचे बल्ब तीनच वापरायची परवानगी. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याला जमलं.

त्यात गांधीजी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, खाली मान घालून कागद वाचतायत. चरखा पुढे एवढा मोठा, स्वतः मागे. मला वाटतं कोपऱ्याच्या उलटं आहे हे, पेनने माणसाचं सगळं काढून घेतलं, इथे वस्तूच पुढे बसवली. मामांच्या हातात खरा चिमटा दिला असता तर? मला तरी वाटतं बिघडला असता फोटो. फॅन्सी ड्रेस झाला असता.

खुसपटराव:
+१ चिमट्याबद्दल.

पण एक सांगा, या सगळ्यात माणसाला विचारलं जातंय कुठे? ॲव्हेडॉन १९७९ ते ८४ अमेरिकेच्या पश्चिमेला फिरला, खाणकामगार, ट्रकवाले, भटके, सगळ्यांना पांढऱ्या कागदापुढे सावलीत उभं केलं, ८ बाय १० इंची निगेटिव्हचा मोठा कॅमेरा, स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला उभा, डोळ्यात डोळे घालून. फोटो जबरदस्त आहेत, नाकारत नाही. पण ती दमलेली, कळकट माणसं म्यूझियमच्या भिंतीवर, आणि बघायला कोण, तर दमायचं काही कारण नसलेली. तुमचा मामा पण तसाच ना? त्याला शर्टाची इस्त्री दाखवायची होती, तुम्ही त्याचे दुखरे पाय दाखवलेत.

कोलोनचा_पाहुणा:
ॲव्हेडॉनवर हा आरोप जुनाच आहे आणि अर्धा खरा आहे. पण त्याने स्वतःच्या बापालाही सोडलं नाही. कॅन्सरने झिजत चाललेल्या वडिलांचे फोटो तो १९७३ पर्यंत काढत होता, तसाच पांढरा कागद, तशीच नजर. परक्याला एक न्याय आणि घरच्याला दुसरा असं तरी केलं नाही. शिवाय ॲव्हेडॉन स्वतः म्हणायचा की पोर्ट्रेट म्हणजे आपला फोटो निघतोय हे ठाऊक असलेल्या माणसाचा फोटो, आणि त्या ठाऊक असण्याचं तो काय करतो तेही फोटोतच येतं. मग इस्त्रीचा शर्ट पण आलाच त्यात.

शेवंती_७१:
स्टिग्लिट्झ या अमेरिकन फोटोग्राफरने बायकोचे वीस वर्षांत तीनशेच्या वर फोटो काढले होते ना? एका फोटोत माणूस मावत नाही हे त्याला तरी कळलं असावं. नुसते हातांचेच कितीतरी. उत्तरेची_खिडकी, तुम्ही तेविसावर थांबलात!

उत्तरेची_खिडकी:
अपडेट देतो. काल दोन प्रिंट घेऊन मामाकडे गेलो. एक तेविसावा. आणि दुसरा चौथा, तुम्हा लोकांचं ऐकून परत बघत बसलो तेव्हा सापडलेला, झेंडावंदनवालाच, पण त्यात शर्टाची वरची गुंडी लावताना त्याने हनुवटी जराशी उचललीय आणि नजर कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी आहे. यात निळा वाढवला नाही, होता तसा ठेवला.

मामाने कोपऱ्याचा फोटो लांब धरून बघितला, बराच वेळ. मग म्हणाला, 'हा ड्युटीवरचा आहे. आणि ड्युटी संपली.' बाजूला ठेवला. चौथा घेतला, खिशाचं पेन दिसतंय का बघितलं, म्हणाला, तीस वर्षं लोकांनी 'ओ कंडक्टर' म्हणून हाक मारली, एका तरी फोटोत साहेब दिसू दे की.

मामी आतनं आली, तिने कोपऱ्याचा उचलला आणि हसायलाच लागली. म्हणाली अजून स्वयंपाकघराच्या दारात असेच उभे राहतात, चहा झाला का विचारायला. हा भिंतीला लावू का म्हटलं तर 'नको गं बाई, दिवसभर समोर असतात तेवढे पुरेत'. चौथा फ्रेमला गेला. तेविसावा तिने कपाटात साड्यांच्या घडीत सरकवला, मी बघितलं.

मग मामाला विचारलं, धाग्यावर टाकू का, लोक मागतायत. किती जण बघणार, म्हणाला. म्हटलं दीडशे-दोनशे तरी. तर म्हणतो, चार गाड्या भरतील, मग थांब, दाढी करून येतो, परत काढ.

पण आता काढणार कुठे. परवा सुतार आला आणि त्या दोन्ही प्लायचं कपाट झालं.

टवाळ_बोका:
आला???